चव्वेचाळीस अक्षरं

नऊ दिवस दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, तरी रविवारी दोघेही आईकडे जेवायला आले. भांडण भांडणाच्या जागी. एवांथियाच्या घरचं रविवारचं जेवण चुकवायची छाती या ग्रीक कुटुंबात अजून कुणाची झालेली नव्हती.

"माना, तुझ्या धाकट्याला सांग, लिंबू इकडे दे म्हणावं," अनेस्तिस म्हणाला. आईला दोघेही मानाच म्हणत.

"माना, तुझ्या थोरल्याला सांग, लिंबू त्याच्याच कोपराखाली आहे," पांतेलिस म्हणाला. "क्लबचं नाव हरवलं त्याने, आता लिंबूही सापडेना."

एवांथियाने अनेस्तिसच्या कोपराखालून लिंबू ओढलं, कापलं आणि दोघांच्या ताटांतल्या मटणावर जरुरीपेक्षा जास्त जोराने पिळलं. मी काय या घरातला टेलिफोन आहे का, असं ती म्हणाली. अडुसष्ट वर्षांची होती, गुडघे कुरकुरत होते, पण पहाटे उठून मटण आणि बटाटे भट्टीत तिनेच लावले होते. सुनेला बटाटे सोलायला द्यायचे, भट्टीला हात लावू द्यायचा नाही, हा तिचा नियम होता. सून म्हणजे अनेस्तिसची बायको ग्लिकेरिया. ती बावीस वर्षं बटाटेच सोलत होती आणि त्याबद्दल योग्य तेवढी कुरकुर करत होती.

पाचवा माणूस झीसिस. तो एवांथियाच्या लग्नात नवऱ्याच्या पाठीशी उभा राहिलेला, अनेस्तिसचा धर्मपिता आणि क्लबचा पहिला गोलकीपर. उजव्या हाताची दोन बोटं त्याला वाकवता येत नसत. एकोणसाठ सालच्या पेनल्टीची ती कमाई होती आणि जेवताना ती बोटं तो मुद्दाम टेबलावर सगळ्यांना दिसतील अशी ठेवत असे.

भांडण होतं ते नावावरून. वरच्या मंडळाचं पत्र आलं होतं, सगळ्याच क्लबांना आलं होतं. यापुढे कुठल्याही सॉकर क्लबच्या नावात परका देश, परकं गाव किंवा परक्या भाषेतला शब्द चालणार नाही. नाव बदला, नाहीतर पुढच्या मोसमात लीगमध्ये जागा नाही. आज चार वाजता क्लबच्या हॉलमध्ये सभासदांची सभा होती आणि मंडळाचा माणूस स्वतः फॉर्म घेऊन येणार होता.

अनेस्तिस क्लबचा अध्यक्ष. त्याने इथल्या वस्तीवरून नाव ठरवून ठेवलं होतं, यॅराविल रोव्हर्स. नाव गेलं तर गेलं, टीम तर राहील, अडीचशे पोरं दर शनिवारी खेळतात त्यांना मी काय सांगू, असं त्याचं म्हणणं. पांतेलिस पहिल्या टीमचा प्रशिक्षक. तो म्हणत होता की एकोणचाळीस वर्षांचा क्लब मानाने बंद करू, हॉलच्या दाराला कुलूप लावू, पण बापाने ठेवलेलं नाव आपल्या हाताने पुसणार नाही. रोव्हर्स म्हणजे काय तर भटके. बाबा भटकत आला होता का इथे?

दोघांचंही खरं होतं, आणि एवांथियाची पंचाईत तीच होती. एक पोरगा बापाचा क्लब वाचवायला निघाला होता आणि दुसरा बापाचं नाव. तो बाप, थ्रासीवुलोस, सहा वर्षांपूर्वी गेला होता. भिंतीवरच्या फोटोत तो निळा सदरा घालून उभा होता आणि छातीवर चार पांढरी अक्षरं होती.

ती अक्षरं एवांथियाने शिवली होती. सत्तावन्न साली ग्रीसहून इथे येऊन कारखान्यात लागलेल्या अकरा जणांनी खाटीकखान्यामागच्या माळावर टीम काढली, तेव्हा प्रत्येकाला आपापल्या गावाचं नाव हवं होतं. एकाला तर संताचं पूर्ण नाव हवं होतं, सतरा अक्षरांचं. एवांथिया म्हणाली, सतरा अक्षरं अकरा सदऱ्यांवर शिवायची असतील तर त्या संतालाच सांगा. माझ्याकडे लग्नात आणलेली एक चादर आहे, तेवढ्यात बसेल ते नाव ठेवा. चादर होती चव्वेचाळीस अक्षरांची. माणशी चार. मग थ्रासीवुलोसने सामोस बेटावरच्या आपल्या वडिलांच्या मचव्याचं नाव सुचवलं. आव्रा, म्हणजे समुद्रावरून येणारी झुळूक. क्लबच्या इतिहासात ही गोष्ट कुणी लिहिली नाही, पण नाव ठरलं ते असं, एका बाईच्या चादरीच्या मापाने.

आता घोळ असा की आपल्या ग्रीक लिपीतला 'र' दिसतो हुबेहूब इंग्रजी 'पी'सारखा. आणि जे अक्षर इथे आपण 'व' म्हणून वाचतो, ते इंग्रजांना 'वाय' दिसतं. म्हणजे आपण लिहिलं आव्रा, की इंग्रज वाचणार ए, वाय, पी, ए. पहिल्या सामन्यानंतर सोमवारच्या पेपरात निकाल छापून आला तो 'आयपा' या नावाने. लीगच्या ऑफिसातल्या लाल केसांच्या कारकुनाने नाव उतरवताना माती खाल्ली, असं सगळ्यांनी ठरवलं. पुढे एकवीस वर्षं कागदोपत्री तेच चालू राहिलं. अठ्ठ्याहत्तर साली नवीन मंडळ झालं तेव्हा अनेस्तिसने स्वतः नवा फॉर्म भरला, इंग्रजी अक्षरांत नीट 'आव्रा' लिहिलं, सदऱ्यांवरची अक्षरंही बदलली आणि तो विषय मिटला. त्या लाल कारकुनाला मात्र या घरात अजून शिव्या पडत. थ्रासीवुलोस त्याला दर मोसमाच्या पहिल्या दिवशी न चुकता एक घालत असे.

दार वाजलं आणि एवी आत आली. अनेस्तिसची मोठी मुलगी. रिवाजाप्रमाणे तिचं नावही एवांथियाच, पण ऑफिसात कुणाला ते म्हणता येत नसे म्हणून एवी. वकिलाच्या ऑफिसात कामाला होती. कोट न काढताच ती टेबलाशी आली, आजीचं डोकं चुंबलं आणि बापाच्या ताटाशेजारी एक झेरॉक्स ठेवली.

नियमावली आपल्यापैकी कुणी शेवटपर्यंत वाचली का, असं तिने विचारलं. कुणी वाचली नव्हती. पांतेलिसने तर पहिल्या पानावरच ती भिरकावली होती. सातव्या कलमात लिहिलं आहे, ती म्हणाली, की क्लबला आपलं अगदी पहिलं नोंदलेलं नाव परत घेता येतं, फक्त ते कुठल्या परक्या भाषेतलं नसलं पाहिजे. म्हणून ती शुक्रवारी जुन्या लीगची कागदपत्रं जिथे ठेवली आहेत तिथे गेली होती. सत्तावन्न सालच्या नोंदवहीचं पान तिने काढून आणलं होतं.

"आयपा," तिने बोट ठेवून वाचलं. "पत्त्यासकट. मी चार शब्दकोश बघितले, बाबा. आयपा हा शब्द जगातल्या कुठल्याच भाषेत नाही. त्यांना नाही म्हणायला जागाच नाही."

अनेस्तिसने काटा खाली ठेवला. पान उचलून डोळ्यांजवळ नेलं, चष्मा वर केला, खाली केला. ग्लिकेरियाने लेकीवरून तीनदा थू थू थू केलं, दृष्ट लागू नये म्हणून. झीसिस म्हणाला की त्या लाल कारकुनाला मी चाळीस वर्षं शिव्या दिल्या, आता त्याच्या नावाने देवळात मेणबत्ती लावायची पाळी आली.

पांतेलिस तेवढा हसला नाही.

"आयपा नाही," तो म्हणाला. या वेळी तो आईमार्फत बोलत नव्हता, पण भावाकडे बघतही नव्हता. "मी आठ वर्षांचा होतो. मी कुंपणाला धरून उभा होतो आणि पलीकडची माणसं ओरडत होती, एपा, एपा. एप, म्हणजे माकडं म्हणत होती आपल्याला. भुईमुगाच्या शेंगा फेकत होती मैदानात. बाबा खेळ सोडून त्यांच्या अंगावर धावून गेला आणि मंडळाने बाबालाच सहा सामने बाहेर बसवलं. ते नाव मी पोरांच्या छातीवर घालू? त्यापेक्षा रोव्हर्स बरं."

ग्लिकेरिया, जी गेले नऊ दिवस नवऱ्याच्या बाजूने होती, हळूच म्हणाली की दीर म्हणतो त्यात तथ्य आहे. अनेस्तिसने बायकोकडे असं बघितलं की तिने पाव कापायला घेतला. मग अनेस्तिस म्हणाला की शेंगा मलाही लागल्या होत्या, मी पंधरा वर्षांचा होतो, मीही विसरलो नाही. पण तीस वर्षांपूर्वीच्या शेंगांसाठी क्लब मारायचा का? पांतेलिस म्हणाला, मारतो आहेस तू. परत जुन्याच चाकोरीत गाडी गेली.

एवांथिया उठली. कॉफी टाकते म्हणाली आणि आत गेली. नात मागोमाग आली आणि स्वयंपाकघराचं दार तिने लावून घेतलं.

"याया," ती म्हणाली. आजीला ती तसंच हाक मारायची. "अजून एक कागद आहे. बाहेर दाखवला नाही."

पर्समधून तिने घडी केलेला कागद काढला. हे नोंदवहीचं पान नव्हतं. क्लबने भरून दिलेला मूळ फॉर्म होता. नाव, पत्ता, सदऱ्याचा रंग, आणि वर मोठ्या अक्षरांत छापलेली सूचना, की फॉर्म कॅपिटल अक्षरांत भरावा. नावाच्या चौकटीत सुबक, टपोरी चार अक्षरं होती. पहिल्या अक्षराच्या पायाला बारीक शेपूट होती. तशी शेपूट या घरात एकाच माणसाच्या अक्षराला होती. साखरेच्या डब्यावर, मिठाच्या डब्यावर, पाककृतींच्या वहीत, सगळीकडे तीच होती.

"कारकुनाने काही चुकवलं नव्हतं," एवी म्हणाली. "त्याने आहे तसं उतरवलं."

एवांथियाने कॉफीचं भांडं गॅसवर ठेवलं, साखर घातली आणि मग ज्योत बंद करून टाकली.

फॉर्म तिनेच भरला होता. थ्रासीवुलोसला इंग्रजी लिहिता येत नसे. ती आठवड्यातून दोनदा चर्चच्या वर्गाला जाई, पत्ता लिहायला शिकली होती, आकडे शिकली होती. फॉर्मवर होतं कॅपिटल अक्षरांत लिहा. तिने लिहिली. आपली कॅपिटल अक्षरं लिहिली. पत्ता इंग्रजीत, रंग इंग्रजीत आणि नाव आपल्या अक्षरांत, कारण ते आपलं नाव होतं, ते दुसऱ्या कुठल्या अक्षरांत लिहायचं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. कुठल्या भाषेतली कॅपिटल, ते फॉर्मवर कुठे लिहिलं होतं?

"मग सांगितलं का नाहीस?" एवीने विचारलं.

"तो गल्लीभर सांगून आला होता. माझ्या बायकोने इंग्रजी फॉर्म भरला, एकही खाडाखोड नाही. कॉफीवाल्याकडे, न्हाव्याकडे, पाद्रीबुवांकडे. कारखान्यात त्याला सगळे टेरी म्हणायचे, थ्रासीवुलोस कुणाच्या तोंडात बसायचं नाही. त्या वर्षी त्याच्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं गं. सोमवारी पेपर आला, आणि सगळे कारकुनाच्या नावाने ओरडायला लागले. मी मूग गिळून बसले."

एवढंच असतं तर तिला पचलं असतं. पण एवढंच नव्हतं. ती शिवणयंत्राशी गेली आणि खालचा खण ओढला. बटणं, फितीचे तुकडे, एक मोडका कात्रीचा दांडा. त्याखाली तीन लिफाफे होते, तिकीट लावलेले, चिकटवलेले, न टाकलेले. थ्रासीवुलोसने लीगला पत्रं लिहून घेतली होती, अठ्ठावन्न, त्रेसष्ट आणि एकाहत्तर साली. नाव दुरुस्त करा म्हणून. तो सांगायचा, ती वर्गातल्या बाईंच्या मदतीने इंग्रजीत लिहायची आणि टाकून येते म्हणायची. टाकली असती तर ऑफिसाने फॉर्म काढून दाखवला असता. उत्तर का येत नाही म्हणून तो तिलाच विचारायचा. शेवटी अंथरुणाला खिळला होता तेव्हाही एकदा त्याने विचारलं होतं, तेही हसत, की त्या लाल डोक्याचं काही आलं का.

एवीने फॉर्मची परत घडी घातली. मग म्हणाली, "मी हा फॉर्म फाडून टाकू शकते, याया. नोंदवहीचं पान पुरेसं आहे. कुणाला कळणार नाही."

एवांथियाला मोह झाला नाही असं नाही. चांगलाच झाला. एकोणचाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आणखी दहा वर्षं ठेवणं काही जड नव्हतं. पण दारापलीकडून धाकट्याचा आवाज येत होता. तो म्हणत होता की एका कारकुनाच्या चुकीवर मी क्लब उभा करणार नाही. तिने लिफाफे उचलले, फॉर्म नातीच्या हातातून घेतला आणि दार उघडलं.

बसलीसुद्धा नाही ती. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फॉर्म टेबलावर ठेवला, मग एकेक लिफाफा ठेवला. रडली नाही आणि माफीही मागितली नाही. फक्त शेवटी म्हणाली, "कारकुनाची चूक नाही. माझी आहे. आता काय करायचं ते तुम्ही बघा."

अनेस्तिसचा चेहरा उतरला. पंचेचाळीस वर्षांचा, केस पिकलेला माणूस, पण त्या क्षणी खेळात घेतलं नाही म्हणून घरी आलेल्या पोरासारखा दिसला. "बाबा वाट बघत गेला, माना," तो म्हणाला. ग्लिकेरियाने त्याच्या दंडावर हात ठेवला. एवांथियाने मान हलवली. हो, वाट बघत गेला. हे तिने सहा वर्षं रोज स्वतःला सांगितलं होतं.

पांतेलिसने पहिला लिफाफा फोडला. तो वाचेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो वाचू लागला, इंग्रजीतून आपल्या भाषेत फिरवत, अडखळत.

"महाशय, तुमच्या यादीत आमच्या क्लबचं नाव चुकलं आहे. ते नाव आव्रा आहे. आव्रा हा माझ्या वडिलांचा मचवा. बेचाळीस साली बेटावर उपासमार होती आणि शत्रूचा पहारा होता, तेव्हा माझ्या वडिलांनी त्या मचव्यातून एकशे बारा माणसं पलीकडच्या किनाऱ्यावर सुखरूप नेली. कुणाला त्यांनी नाव विचारलं नाही आणि कुणाकडून काही घेतलं नाही. एवढी माणसं ज्या नावाने तरली, त्या नावाखाली आमची अकरा पोरं खेळतात. ते नाव नीट लिहावं एवढीच विनंती आहे."

सही होती, थ्रासीवुलोसची, आपल्या अक्षरांत. सही त्याची तो करत असे.

थ्रासीवुलोस घरात मचव्याबद्दल बोलायचा तो मासे आणि वारा यांच्यापुरताच. हे त्याने मुलांना कधी सांगितलं नव्हतं. परक्या ऑफिसातल्या अनोळखी कारकुनाला मात्र सांगितलं होतं. पांतेलिस कागदाकडे बघत राहिला.

"एकशे तेरा," झीसिस म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याची न वाकणारी बोटं टेबलावर पडली होती, आज ती तो दाखवत नव्हता.

"मी अकरा वर्षांचा होतो. जाळ्याखाली झोपवलं होतं मला, आईने. मोजताना राहिलो असणार."

एवांथिया खुर्चीत बसली. पांतेलिसने फॉर्म जवळ ओढला आणि त्या चार अक्षरांवरून बोट फिरवलं, शेपटीपर्यंत.

"माझ्या डोक्यात होतं की हे नाव त्यांनी ठेवलं," तो म्हणाला. "आयपा. त्यांनी लिहिलं, त्यांनी ओरडलं, त्यांनी शेंगा मारल्या. हे तर तुझं अक्षर आहे."

"माझंच," एवांथिया म्हणाली. "चादरीतून कापली तेव्हाही हीच अक्षरं होती, पांतेलिस. बाबाच्या छातीवर हीच होती. त्यांना वाचता आली नाहीत तर मी काय करू? त्यांनी त्यांचं वाचलं. तू तुझं वाच."

त्याने बापाच्या फोटोकडे पाहिलं. लहानपणापासून रोज बघितलेला फोटो, पण आज पहिल्यांदाच त्याने त्या अक्षरांकडे कुंपणापलीकडच्या माणसांच्या नजरेने बघायचं सोडलं असावं. मग त्याने भावाकडे मान वळवली.

"मीठ दे," तो म्हणाला.

अनेस्तिसने मिठाची बाटली उचलून त्याच्या हातात दिली. आईमार्फत नाही. एवांथियाने सुनेला उगाचच विचारलं, बटाटे कमी पडले का गं. कमी पडले नव्हते, भरपूर उरले होते.

चारला हॉल गच्च भरला. दारात काड्यांना टोचून भाजत असलेल्या मटणाचा धूर होता, भिंतीवर एकोणचाळीस टीमांचे फोटो होते आणि मंडळाचा माणूस, कोल्सन नावाचा, व्यासपीठावर टायची गाठ चाचपत बसला होता. भला गृहस्थ होता बिचारा. सगळ्या क्लबांत शिव्या खाऊन आला होता आणि इथे आल्याबरोबर कुणीतरी त्याच्या हातात कॉफी दिली, बदामाची वडी दिली, तेव्हापासून त्याला काही सुधरत नव्हतं.

अनेस्तिसने सभा उघडली. यॅराविल रोव्हर्स हा ठराव मी मागे घेतो, एवढं म्हणून तो बाजूला झाला आणि माइक त्याने भावाकडे दिला. नऊ दिवस दोघं बोलत नाहीत हे दोनशे माणसांना ठाऊक होतं, त्यामुळे तेवढ्याने सुद्धा हॉलमध्ये कुजबुज झाली. पांतेलिसने आपल्या भाषेत सगळं सांगितलं. चादर सांगितली, मचवा सांगितला, वडिलांचं पत्र वाचलं. आईचं नाव घेताना त्याने तिला लपवलं नाही. फॉर्म माझ्या आईने भरला, आपल्या अक्षरांत भरला, असं तो म्हणाला, आणि असं म्हणाला की ऐकणाऱ्याला ती चूक वाटूच नये. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायका, ज्या कधीतरी तिच्याबरोबर त्याच वर्गाला जाऊन पत्ता लिहायला शिकल्या होत्या, एकेक करून वळून तिच्याकडे बघू लागल्या. एवांथियाने मान खाली घातली होती. मग तिने ती वर केली.

ज्यांना आव्रा ही चार अक्षरं परत छातीवर हवीत त्यांनी हात वर करा, असं पांतेलिस म्हणाला. झीसिसने दोन्ही हात वर केले. कुणी हरकत घेतली नाही.

कोल्सनला यातलं काहीच कळलं नव्हतं. एवीने त्याच्यापुढे नोंदवहीचं पान ठेवलं, सातवं कलम ठेवलं. त्याने दोन्ही नीट वाचलं, मान डोलावली. मग फॉर्म पुढे ओढला आणि म्हणाला की एक प्रश्न विचारणं मला भाग आहे. या शब्दाला काही अर्थ आहे का?

हॉलमध्ये दोनशे माणसं, आणि प्रत्येकाला अर्थ ठाऊक होता. झीसिसचं तोंड उघडलं होतं. एवांथियाने त्याचा पाय आपल्या टाचेखाली दाबला आणि ती उठून उभी राहिली. एवढ्या लोकांसमोर इंग्रजीत ती जन्मात बोलली नव्हती.

"इंग्रजीत, साहेब," ती म्हणाली, "काही नाही."

अनेस्तिसने खिडकीकडे तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. कोल्सनने अर्थाच्या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं आणि तो समाधानाने म्हणाला की सोपं नाव आहे, म्हणायला छान आहे. आता सर्वांत जुन्या सभासदाने स्वतःच्या हाताने नाव लिहून सही करावी. अनेस्तिसने खिशातून पेन काढलं आणि आईपुढे धरलं.

एवांथिया व्यासपीठावर चढली. दोन पायऱ्या, पण दोन्ही मुलं दोन बाजूंना उभी होती. ती बसली, चष्मा लावला, कागद सरळ केला. कोल्सनने तिच्यासाठी चौकटीवर बोट ठेवलं आणि जरा मोठ्याने, सावकाश सांगितलं, "कॅपिटल अक्षरांत लिहा, बाई."

तिने मान डोलावली आणि चार अक्षरं लिहिली, टपोरी, पहिल्याला शेपूट. कुठल्या भाषेतली, ते याही खेपेला फॉर्मवर कुठे लिहिलेलं नव्हतं.